फोनने पैसे देऊ का? पुण्यातल्या दुकानांबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पुण्यात शिकायला किंवा नोकरीला नव्याने आलेली मुलं, पेठांमधली ज्येष्ठ मंडळी आणि छोटे दुकानदार नेहमी विचारतात ते प्रश्न इथे घेतले आहेत. अ‍ॅप कसं घ्यायचं, खातं कसं जोडायचं हे इथे सापडणार नाही. ते आता शाळकरी पोरंही सांगतात. काउंटरवर उभं राहिल्यावर कोणाचं कुठे अडतं, का अडतं आणि अशा वेळी कसं वागायचं, एवढाच विषय आहे.

खिशात रोख न ठेवता पुण्यात दिवस निघतो का?

बहुतेक दिवस निघतो. अमृततुल्यातला चहा, दुधाची पिशवी, वडापाव, औषधं, अप्पा बळवंत चौकातली पुस्तकं, लक्ष्मी रोडवरची साडी, मंडईतली भाजी, सगळीकडे स्कॅनर टांगलेला असतो. तरीही दोन-तीनशे रुपये, तेही सुट्ट्यांसकट, जवळ असू द्या. मंगळवार पेठेत बुधवारी आणि रविवारी भरणाऱ्या जुन्या बाजारात पथारीवर पान्हे-पक्कड विकणारे काका फोन पुढे करतीलच असं नाही. सायकलमध्ये हवा भरणारा, देवळाबाहेर चपला सांभाळणाऱ्या आजी, स्वच्छतागृहाबाहेर बसलेला माणूस, यांच्याकडे स्कॅनर कधी असतो, कधी नसतो. आणि फोनची बॅटरी रात्री साडेदहाला स्वारगेटलाच संपते, हा तर अलिखित नियम आहे.

हे सगळं नोटाबंदीमुळे झालं ना?

नोटाबंदीने सवय हलवली, पण लोकांना वाटतं तेवढं श्रेय तिचं नाही. यूपीआयची घोषणा ११ एप्रिल २०१६ रोजी झाली होती, म्हणजे ८ नोव्हेंबरच्या त्या रात्रीच्या सात महिने आधी. त्या हिवाळ्यात दुकानांवर जे स्टिकर झळकले ते बरेचसे वॉलेटचे होते. गिऱ्हाइकाकडे त्याच कंपनीचं अ‍ॅप हवं, त्यात आधी पैसे भरलेले हवेत, आणि दुकानदाराने ते पैसे बँकेत न्यायचे तर पुन्हा वेगळा खटाटोप. नोटा परत आल्या तसे कित्येक काउंटरवरचे स्टिकर पिवळे पडून निघून गेले.

टिकलं ते नंतरचं. कुठल्याही अ‍ॅपने कुठलाही कोड स्कॅन होऊ लागला आणि पैसे थेट बँक खात्यात पडू लागले. १ जानेवारी २०२० पासून यूपीआयवर दुकानदाराला लागणारं शुल्क शून्य झालं. पाठोपाठ कोरोना आला, आणि नोट चिमटीत धरून दुसरीकडे बघणारी माणसं आपण सगळ्यांनी पाहिली. त्याच सुमारास ‘अमुक रुपये प्राप्त झाले’ म्हणणारा डबा आला. माझ्या मते छोट्या दुकानदाराचं मन खऱ्या अर्थाने वळवलं ते या डब्याने. कढईसमोर उभ्या असलेल्या माणसाला पिठाचे हात पुसून मोबाईल बघायला वेळ नसतो. डबा मराठीत ओरडून सांगतो, तेव्हा त्याला पैसे मिळाल्यासारखे वाटतात. ऑगस्ट २०२५ मध्ये देशभरातल्या यूपीआय व्यवहारांची संख्या एका महिन्यात २,००० कोटींच्या वर गेली. त्यातले किती व्यवहार चहाचे असतील, कोण जाणे.

‘ऑनलाइन चालेल का?’ हे कधी विचारायचं?

माल तोलायच्या आधी. पुढचे निम्मे प्रश्न या एका सवयीने मिटतील. भाजी पिशवीत पडली, कापड फाडलं, पोहे प्लेटमध्ये आले की मग ‘जीपे आहे ना?’ विचारणं म्हणजे समोरच्याला कोंडीत पकडणं. त्याला नको असेल तरी तो हो म्हणतो, किंवा शेजारच्या गाड्यावरच्या भावाचा स्कॅनर मागून आणतो, आणि संध्याकाळी ते पैसे त्या भावाकडून वसूल करत बसतो. गाडीच्या कडेला स्कॅनर दिसत असेल तर विचारायची गरज नाही. ‘फक्त रोख’ अशी पाटी असेल तर मुळीच विचारू नका. पुण्यात पाटी न वाचता प्रश्न विचारणाऱ्याला काय ऐकून घ्यावं लागतं, ते सांगायला नको.

रांगेत असाल तर आपला नंबर येईपर्यंत फोन उघडून ठेवावा. बाकरवडीच्या रांगेत पुढचा माणूस पैसे द्यायच्या क्षणी खिसे चाचपतो, मग चष्मा शोधतो, मग पासवर्ड आठवतो. मागच्यांच्या चेहऱ्यावर तेव्हा जे उमटतं, त्यातला दोष तंत्रज्ञानाचा नसतो.

दुकानदार ऑनलाइन नको म्हणतो. म्हणजे तो कर चुकवतोय का?

कधी कधी, हो. पण दर वेळी तसं समजणं चूक आहे, आणि तोंडावर तसं सुचवणं त्याहून वाईट. कारणं बरीच आहेत.

सगळ्यात साधं कारण म्हणजे त्याचे स्वतःचे खर्च रोखीतले असतात. भाजीवाल्या ताई पहाटे गुलटेकडीच्या मार्केट यार्डातून माल उचलतात. टेम्पोवाला, पोती चढवणारा हमाल, पानं साफ करायला घेतलेली बाई, यांतल्या पुष्कळांना हातात पैसे लागतात. दिवसभराची विक्री खात्यात गेली तर रात्री एटीएमसमोर उभं राहावं लागतं, आणि मोफत पैसे काढायची महिन्याची मर्यादा संपली की दर वेळी शुल्क. १ मे २०२५ पासून ते २३ रुपयांपर्यंत घेता येतं. कोथिंबिरीच्या दोन-तीन जुड्यांमधला नफा तिथेच गेला.

दुसरं कारण कोणी मोठ्याने बोलत नाही. खात्यावर कर्जाचा हप्ता थकलेला असतो आणि पैसे पडले रे पडले की बँक ते ओढून घेते. गिऱ्हाइकाचे पाचशे आले, बँकेने घेतले, आणि उद्याच्या मालाला भांडवल नाही. अशा माणसासाठी गल्ल्यातली नोट म्हणजे उद्याचा दिवस.

तिसरं, खातं गोठण्याची भीती. कुठल्यातरी फसवणुकीतले पैसे चार हात फिरून एखाद्या दुकानदाराच्या खात्यात खरेदीपोटी येतात. तपासात त्या साखळीतली खाती गोठवली जातात आणि ज्याने फक्त दोन शर्ट विकले तो बँक आणि सायबर पोलीस यांच्यात हेलपाटे घालतो. असं शेजारच्या एका दुकानात घडलं की अख्खी गल्ली महिनाभर ‘रोख द्या’ म्हणते.

आणि मग कर. जुलै २०२५ मध्ये कर्नाटकात विक्रीकर खात्याने यूपीआयच्या उलाढालीवरून छोट्या व्यापाऱ्यांना जीएसटीच्या नोटिसा पाठवल्या. बंगळुरात दुकानांवर ‘यूपीआय नाही, फक्त रोख’ असे कागद लागले. दूध-भाजी विकणाऱ्यांपर्यंत नोटिसा गेल्याने गदारोळ झाला आणि सरकारला नमतं घ्यावं लागलं. व्हॉट्सअ‍ॅपवर ही बातमी पुण्यात पोचायला एक दिवस लागला नाही. ‘आता आपला नंबर’ हे वाक्य भोरी आळीपासून धनकवडीपर्यंत ऐकू येत होतं.

या भीतीत अर्धवट माहितीचा वाटा मोठा आहे. नुसता माल विकणाऱ्याला वर्षाची उलाढाल ४० लाखांच्या वर गेल्यावर जीएसटी नोंदणी लागते, सेवा देणाऱ्याला २० लाखांच्या वर. ताजी भाजी, फळं, सुटं दूध यांवर जीएसटीच नाही, आणि फक्त अशाच वस्तू विकणाऱ्याला नोंदणीही लागत नाही. ही मर्यादा एकूण विक्रीवर मोजतात, त्यामुळे रोख घेतल्याने कायद्याने काही सुटत नाही. उलट, आयकरात छोट्या व्यापाऱ्यांसाठी अंदाजित उत्पन्नाची सोय आहे. तिच्यात रोख विक्रीच्या ८ टक्के उत्पन्न धरतात, डिजिटल विक्रीच्या ६ टक्केच. हे फार दुकानदारांना कोणी समजावून सांगितलेलं नसतं. तुमच्या ओळखीचे दुकानदार असतील तर चहा घेता घेता सांगा. अनोळखी असतील तर नोट काढा आणि पुढे जा.

‘ऑनलाइन दिलंत तर दोन टक्के जास्त’ असं म्हणतात ते बरोबर आहे का?

बँक खात्यातून यूपीआयने पैसे दिले तर दुकानदाराला शुल्क पडत नाही, त्यामुळे तुमच्याकडून मागायला आधार नाही. रुपे डेबिट सोडून दुसरं कार्ड यंत्रात घातलं तर मात्र त्याच्या पैशातून कमिशन कापलं जातं. दोन टक्क्यांची भाषा तिथून आली आहे.

मधली एक गोष्ट लक्षात घ्या. रुपे क्रेडिट कार्ड यूपीआयला जोडून स्कॅन केलं तर काउंटरवर दिसायला सगळं सारखंच, पण छोट्या दुकानदारालाही २,००० रुपयांच्या वर त्याचं शुल्क लागतं. म्हणून काही दुकानदार ‘खात्यातून करा, क्रेडिटवरून नको’ म्हणतात. त्यांचं ऐकावं. मार्च २०२३ च्या अखेरीस ‘यूपीआयवर आता १.१ टक्का लागणार’ अशी आवई उठली होती. ती आकारणी वॉलेटमधून दुकानदाराला दिलेल्या २,००० रुपयांवरच्या रकमेपुरती होती आणि ग्राहकाच्या खिशातून जाणारी नव्हती. तरी अजून कोणीतरी तोच मेसेज पुढे ढकलत असतं.

दहा रुपयांसाठी फोन काढणं बरं दिसतं का?

दिसतं. उलट सुट्ट्यांसाठी शंभराची नोट पुढे करण्यापेक्षा दुकानदाराला ते केव्हाही बरं. पूर्वी दोन रुपयांच्या बदल्यात हातावर एक्लेअर ठेवायचे. ती गोळी फोनने बंद पाडली. लहान मुलं सोडून कोणाला तिची आठवण येत नसेल.

अडचण वेगळीच आहे. दिवसाला दहा-बारा छोटे व्यवहार झाले की पासबुक चार दिवसांत भरतं आणि पेन्शन कधी आली ते शोधायला भिंग लागतं. यावर यूपीआय लाइट आहे. ५,००० रुपयांपर्यंत शिल्लक त्यात काढून ठेवायची, १,००० रुपयांपर्यंतचे व्यवहार पिन न टाकता होतात आणि पासबुकात प्रत्येक चहाची ओळ येत नाही. अर्थात पिन लागत नसल्याने हरवलेल्या फोनबरोबर ती शिल्लकही जाऊ शकते. पाच हजार न भरता पाचशे भरा, म्हणजे झालं.

डबा बोलला तरी दुकानदार फोनची स्क्रीन दाखवायला सांगतो. हा अविश्वास नाही का?

अविश्वास आहेच, पण तो तुमच्यावरचा नाही. खोट्या व्यवहाराचा हुबेहूब पडदा दाखवणारी अ‍ॅप निघाली, कालचा स्क्रीनशॉट आज दाखवणारे निघाले, हिरवी खूण दाखवून वडापाव घेऊन जाणारे निघाले. गर्दीच्या वेळी चार जणांनी एकाच वेळी पैसे दिले तर डबा एकामागून एक चार रकमा बोलतो. त्यातले वीस कोणाचे आणि चाळीस कोणाचे, हे भजी तळता तळता कसं कळणार? शिवाय डब्याला भाडं असतं. तो बंद पडला की दुकानदाराला पुन्हा मेसेजवर विसंबावं लागतं, आणि मेसेज कधी दहा मिनिटांनी येतो.

तेव्हा स्क्रीन त्याच्याकडे वळवून क्षणभर थांबा. दुरून हात हलवत ‘केलं हो काका’ म्हणत निघून जाण्याची पद्धत सोडून द्या. दुकानदाराने ‘आले’ म्हटलं की व्यवहार संपला. दुकानदारांनाही सांगणं आहे: शंका असेल तर बँकेचा मेसेज बघा, स्वतःचं अ‍ॅप उघडा, पण सगळ्या रांगेदेखत गिऱ्हाइकाला चोर ठरवू नका. दिवसात एक खोटा येत असेल. बाकीचे सगळे उद्याही येणार असतात.

माझ्या खात्यातून पैसे गेले, दुकानदाराला मिळाले नाहीत. आता?

आधी दोघांनीही आवाज खाली ठेवा. अशा वेळी दोघंही खरं बोलत असतात.

रिझर्व्ह बँकेच्या सप्टेंबर २०१९ च्या नियमानुसार, दुकानात दिलेले पैसे समोर पोचले नाहीत तर व्यवहाराच्या दिवसानंतर पाच दिवसांच्या आत ते आपोआप परत यायला हवेत. त्यापुढे दर दिवशी १०० रुपये भरपाई. व्यक्ती ते व्यक्ती व्यवहाराला हीच मुदत एक दिवसाची आहे. प्रत्यक्षात बहुतेक पैसे काही तासांतच इकडे किंवा तिकडे पोचतात.

काउंटरवर काय करायचं, हे कुठल्या परिपत्रकात नाही. नेहमीचं दुकान असेल तर नाव-नंबर लिहून ठेवायचा आणि संध्याकाळी विचारायचं. अनोळखी दुकान असेल तर रोख द्यावी, किंवा माल तिथेच ठेवून निघावं. घाईने दुसऱ्यांदा पैसे पाठवले आणि दोन्ही वेळचे पोचले, तर जादाची रक्कम परत मागायला तुम्हालाच यावं लागेल. चांगला दुकानदार ती लगेच देतो. काही जण ‘मालक आले की बघू’ म्हणतात आणि मालक कधीच येत नाहीत.

यूपीआयच बंद पडलं तर?

असं झालेलं आहे. २६ मार्च आणि १२ एप्रिल २०२५ ला देशभर व्यवहार अडले होते. पुण्यापुरतं बोलायचं तर विसर्जनाच्या मिरवणुकीच्या गर्दीत रेंज गायब होते आणि स्कॅनर असूनही नसल्यासारखा होतो. त्या दिवशी रोख घेऊनच बाहेर पडा.

तुळशीबागेत घासाघीस करायची असेल तर फोन आड येतो का?

थोडा येतो. ‘माझ्याकडे दीडशेच आहेत’ हे वाक्य मूठभर नोटा दाखवून म्हटलं तर चालतं. फोन हातात धरून म्हटलं तर विक्रेता फक्त हसतो. तीनशेचं कानातलं दोनशेला ठरल्यावर ‘मग रोख द्या’ अशी अट पुष्कळदा येते आणि ती मान्य करण्यात काही गैर नाही. तो भाव त्याच हिशेबाने खाली आलेला असतो.

पैसे दिले की दुकानदाराला माझा मोबाईल नंबर कळतो का?

हा प्रश्न जास्त करून मुलींकडून येतो आणि तो रास्त आहे. पैसे घेणाऱ्याला तुमचं नाव आणि यूपीआय आयडी दिसू शकतो. काही अ‍ॅपमध्ये हा आयडी म्हणजे तुमचा मोबाईल नंबरच असतो. त्यातून ‘कालची ड्रेस मटेरियलवाली ना?’ असे मेसेज येतात आणि मग मुली पुन्हा रोखीवर येतात. अ‍ॅपमध्ये नंबर नसलेला दुसरा आयडी तयार करून तोच वापरात ठेवता येतो. पाच मिनिटांचं काम आहे. तरीही मेसेज आलाच तर गप्प बसू नका, आणि मालकाला त्याच्याच दुकानात चार लोकांसमोर विचारा.

आमचे आजोबा फोनने पैसे द्यायला तयारच नाहीत. कसं समजवायचं?

आधी ते का तयार नाहीत ते ऐका. सदाशिव-नारायण पेठेत असं घर विरळा, ज्यात कोणाचे तरी पैसे पुण्याच्याच रुपी सहकारी बँकेत अडकले नव्हते. २०१३ मध्ये तिच्यावर रिझर्व्ह बँकेचे निर्बंध आले आणि २०२२ मध्ये परवाना रद्द झाला. मधली नऊ वर्षं लोकांनी स्वतःच्याच पैशासाठी अर्ज केले. २०१८ च्या ऑगस्टमध्ये कॉसमॉस बँकेवर सायबर हल्ला होऊन ९४ कोटी रुपये गेले, तेही याच शहरात मुख्यालय असलेल्या बँकेचे. खातेदारांचे पैसे त्यात गेले नाहीत, पण ‘बँकेचंच असं होतं, तिथे माझ्या फोनचं काय?’ या प्रश्नावर नातवाकडे फारसं उत्तर नसतं. आजोबा भित्रे नाहीत, त्यांची स्मरणशक्ती चांगली आहे.

शिकायची इच्छा असेल तर वेगळं, कमी शिलकीचं खातं जोडून द्या आणि पेन्शनचं खातं फोनपासून लांब ठेवा. साधा फोन असेल तर यूपीआय १२३पे आहे. त्यात क्रमांक लावून पैसे पाठवता येतात आणि व्यवहाराची मर्यादा आता १०,००० रुपये आहे. यूपीआय सर्कल नावाची सोय ऑगस्ट २०२४ मध्ये आली. तुम्ही तुमच्या खात्यावर त्यांना खर्चाची परवानगी देता, महिन्याला जास्तीत जास्त १५,००० आणि एका वेळी ५,०००. किंवा दर व्यवहार तुमच्या मंजुरीने होईल अशीही व्यवस्था आहे. फक्त ही मंजुरी देताना ‘बाबा, एवढी मिसळ कशाला?’ असं विचारायचं नाही. एकदा विचारलंत की ते पुन्हा नोटांकडे वळतील, आणि बरोबरच करतील.

दुकानदारांनीही काउंटरवर नोट घेऊन उभ्या असलेल्या ज्येष्ठांना ‘ऑनलाइन नाही का आजी?’ हे त्या सुरात विचारू नये. कुठला सूर ते सगळ्यांना ठाऊक आहे.

दुकानदार रोख नाकारू शकतो का?

नोटा आणि नाणी कायदेशीर चलन आहेत. कॉफी पिऊन झाली, देणं लागू झालं, आणि मग ‘आम्ही रोख घेत नाही’ म्हटलं, तर चूक दुकानाची. कोरेगाव पार्क, बाणेर, विमाननगरकडे अशी नवी ठिकाणं भेटतात. तिथेही तोच उपाय, दोन्ही बाजूंनी: पाटी दारावर लावा, बिलावर नको. दहाचं नाणं घ्यायला कुरकुर करणाऱ्यांसाठी: रिझर्व्ह बँकेने दहाच्या सगळ्या १४ नक्षींची नाणी वैध असल्याचं जानेवारी २०१८ मध्येच स्पष्ट केलं आहे.

रिक्षा, पीएमपी, मेट्रो?

पीएमपीच्या बसमध्ये १ ऑक्टोबर २०२३ पासून वाहकाच्या यंत्रावरचा कोड स्कॅन करून तिकीट मिळतं. ‘सुट्टे काढा’ ही आरोळी त्यामुळे कमी झाली आहे, थांबलेली नाही. गर्दीत एका हाताने दांडी धरून पिन टाकणं ही एक कसरतच आहे. मेट्रोचं तिकीट अ‍ॅपवर किंवा व्हॉट्सअ‍ॅपवर निघतं. रिक्षात बसायच्या आधी विचारा. बहुतेक रिक्षांत सीटच्या पाठीला स्कॅनर असतो, पण ज्याला पुढच्या वळणावर गॅस भरायचा आहे तो दादा रोखच मागेल.

वर्गणी, दक्षिणा, आहेर?

वर्गणीची पावतीपुस्तकं घेऊन येणाऱ्या कार्यकर्त्यांकडे आता स्कॅनरही असतो. स्कॅन केल्यावर नाव मंडळाचं येतं की एखाद्याचं खासगी, तेवढं बघा. खासगी नाव आलं तर ‘मंडळाच्या खात्यावर टाकतो, नंबर द्या’ म्हणा. प्रामाणिक पोरांना याचा राग येत नाही. पावती मात्र दोन्ही प्रकारांत घ्या.

दक्षिणेबाबत गुरुजींनीच वाट काढली आहे: विड्यावर एक नाणं, बाकी फोनवर. धर्मही राहतो आणि सुट्टेही लागत नाहीत.

आहेर मात्र माझ्या मते पाकिटातच द्यावा. लांब असल्यामुळे येऊ न शकलेल्या आत्याने पाचशे एक फोनवर पाठवले तर आनंदच आहे. पण मंडपाच्या दारात नवरा-नवरीच्या फोटोशेजारी स्कॅनर टांगलेला पाहिला की जेवणाचं कूपन घ्यायला आल्यासारखं वाटतं. पद्धती बदलतात, ही सवयही बदलेल. पण इतक्यात नको.

घरकामाच्या मावशींचा पगार फोनवर द्यावा का?

त्यांना विचारा, आणि एकट्या असताना विचारा. फोन मुलाच्या हातात असतो, मेसेज नवऱ्याला दिसतो, आणि पगार आला की तो खर्च कसा करायचा हे दुसरंच कोणी ठरवतं, असं पुष्कळ घरांत आहे. डाळीच्या डब्यात लपवलेल्या दोन हजारांवर एखाद्या मुलीची फी भरली जाते. उलट काही मावशींना पैसे खात्यातच हवे असतात, कारण घरात नोट टिकत नाही. निम्मे असे, निम्मे तसे हाही मार्ग आहे. ‘आम्हाला सोयीचं’ म्हणून तुम्ही परस्पर ठरवू नका.

दुकानात भावाच्या किंवा बायकोच्या नावाचा स्कॅनर लावला तर?

पैसे येतील, पण गिऱ्हाईक अडखळेल. पैसे पाठवण्याआधी आता बँकेत नोंदलेलं नाव दिसतं. पाटीवर ‘श्री गजानन किराणा’ आणि पडद्यावर भलतंच नाव आलं की प्रत्येक जण विचारणार, ‘बरोबर आहे ना हो?’ दिवसातून पन्नासदा उत्तर देण्यापेक्षा दुकानाच्या नावाचा कोड घ्या. आणि सकाळी दुकान उघडल्यावर आपलाच कोड एकदा स्कॅन करून बघा. रात्रीतून वर दुसरा स्टिकर चिकटवून जाणारे महाभाग असतात.

फसवणुकीचं थोडक्यात सांगा.

पिन पैसे देताना किंवा शिल्लक बघताना लागतो, पैसे घेताना कधीच नाही. ‘चुकून तुमच्याकडे पैसे आले, परत करा’ असा फोन आला तर आधी बँकेतली शिल्लक बघा. नुसता मेसेज कोणीही पाठवू शकतं. पैसे गेलेच तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकावर फोन करा. पहिल्या तासात केलेल्या तक्रारीत रक्कम अडवली जाण्याची शक्यता बरीच जास्त असते, त्यामुळे लाजून संध्याकाळपर्यंत थांबू नका.

किराणा दुकानातल्या उधारीचं काय झालं?

ती चालू आहे, वही आहे, वहीला बांधलेलं पेनही आहे. महिन्याच्या एक तारखेला हिशेब फोनवर चुकता होतो इतकंच. नव्या बिऱ्हाडकरूंना मात्र उधारी मिळणं अवघड झालं आहे. फोन खिशात असताना ‘पैसे उद्या देतो’ म्हणायला जागा उरलेली नाही, आणि महिन्याच्या शेवटी खातं रिकामं आहे हे दुकानदाराला सांगणं नोकरदार मुलांना जड जातं. जुन्या दुकानदारांना हे कळतं. ते विचारत नाहीत, वहीत लिहितात.

हॉटेलात टिप फोनवर द्यायची का?

बिलाबरोबर स्कॅन केलेली टिप मालकाच्या खात्यात जाते आणि वाढप्यापर्यंत पोचेलच असं नाही. वीस-तीस रुपये त्याच्या हातात द्या. रोख नसेल तर त्यालाच विचारा, ‘तुझा नंबर सांग.’